दाराखालून आलेलं पाणी

१

लातुरात बंद दाराखालून पाणी वाहताना दिसलं, की माणूस आधी चिडतो आणि मग घाबरतो. आठव्या दिवशी नळाला येणारं पाणी कोणी असं मोकाट सोडत नाही. सोडलं असेल तर आत काहीतरी भलतं घडलेलं असतं.

नरसिंगमामाही आधी चिडलेच. आमच्या मांजरा फुटबॉल क्लबचं मैदान ते तीस वर्षं सांभाळतायत. शनिवारी ते जळकोटला मुलीकडे गेले होते आणि रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं परतले. मैदानाच्या कडेला, गॅलरीच्या पायऱ्यांखाली, क्लबची एकच खोली आहे. तिच्या दाराला बाहेरून कडी होती आणि खालून पांढरट पाणी वाहत होतं. मामांनी दार उघडलं आणि दहा मिनिटांनी मला फोन केला.

"बाई, लवकर या. काका पडलेत." मग थांबून म्हणाले, "न्हाई, लवकर येऊन बी काय उपेग न्हाई."

मी बुद्धप्रिया. शाळेत खेळ शिकवते आणि बावीस वर्षं फुटबॉलची रेफरी आहे. रेफरीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. बॉलकडे सगळं गाव बघत असतं, तू बॉल नाही तिथं बघ. मैदानावर मला हे बऱ्यापैकी जमतं. मैदानाबाहेर एकदा अजिबात जमलं नव्हतं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

काका म्हणजे अर्जुनराव, क्लबचे सेक्रेटरी, वय चौऱ्याहत्तर. खोलीत ते उताणे पडले होते. डोकं मैदान दाबायच्या लोखंडी रोलरवर आपटलेलं. शेजारी फक्कीची, म्हणजे रेषा मारायच्या चुन्याच्या पुडीची, गोणी फुटून सांडली होती आणि नळाच्या पाण्यात तिचा चिखल झाला होता. काकांचे हात मात्र स्वच्छ होते.

"आधी मी नळ बंद केला बाई, मग काकाकडं बघितलं," नरसिंगमामा म्हणाले आणि रडायला लागले. "काय मानूस म्हनायचं मला?"

"लातूरचा माणूस, मामा," मी म्हणाले.

"पुरा सोडलेला होता नळ. त्याच्या चावीला बी फक्की लागल्ती, हे बघा." त्यांचा अंगठा पांढरा झाला होता.

मी खोलीभर नजर फिरवली. नळाखाली काही नव्हतं, नुसती फरशी. दुसऱ्या भिंतीला निळा ड्रम, त्यावर झाकण, झाकणावर मग, सगळं नेहमीसारखं. कपाट उघडं होतं. दर मोसमाचं एक याप्रमाणे काकांनी ओळीनं लावलेल्या मॅचच्या रजिस्टरांत एक फट दिसत होती. दोन हजार पंधरा-सोळाचं रजिस्टर गायब होतं.

कपाटाच्या वर भिंतीवर त्याच मोसमाच्या संघाची नावं रंगवलेली आहेत. पहिल्या नंबरच्या जागी नाव नाही, चुन्याचा पांढरा पट्टा आहे. तो नऊ वर्षं तिथंच आहे आणि नऊ वर्षं मी त्याच्याकडे न बघता त्या खोलीत वावरले आहे.

आदल्या दिवशी दुपारी काकांचा मला फोन आला होता. "बुद्धप्रिया, आपण एका माणसाला जिवंतपणी गाडलंय गं. उद्या सकाळी ये, सगळं सांगतो." मी विचारलं, कोणाला? त्यांनी फोन ठेवून दिला.

उत्तर मला ठाऊक होतं. ते भिंतीवर चुन्याखाली होतं.

२

पट्ट्याची हकीकत सांगायलाच हवी.

आमच्या क्लबला यंदा पन्नास वर्षं झाली. त्या पन्नास वर्षांत एकच मोसम आम्ही राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या विभागात खेळलो. नेमकं तेच दुष्काळाचं वर्ष. लातूरला प्यायला पाणी रेल्वेनं आलं, गवताला कोण देणार? लीगला हिरवं मैदान हवं होतं, म्हणून आमच्या घरच्या मॅचेस नांदेडला गेल्या. तिथलेच दोन-तीन खेळाडू संघात घेतले. त्यातला शिवकुमार कर्णधार झाला, कारण तो खरोखरच सगळ्यांत चांगला होता.

शेवटची मॅच बरोबरीत सुटली असती तरी आम्ही लीगमध्ये टिकलो असतो. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्यांना फ्री किक मिळाली. आमच्या पाच जणांची वॉल, म्हणजे बॉल अडवायला माणसांची भिंत, उभी राहिली, आणि ऐनवेळी ती एक पाऊल डावीकडे सरकली. मोकळ्या झालेल्या जागेतून बॉल आत गेला. गोलकीपर अंगद जागचा हलला नाही. आम्ही लीगबाहेर गेलो आणि परत कधी आत आलो नाही.

आठवड्यात लातूरभर झालं की अंगदनं मॅच विकली. क्लबच्या पाच जणांच्या कमिटीनं त्याला काढून टाकलं. काका त्या दिवशी दवाखान्यात होते, त्यांची सही नंतर घरी जाऊन घेतली. चौथी सही माझी होती. मामांना भिंतीवरच्या नावावर चुना फासायला सांगितलं, तेव्हा मी तिथं उभी होते.

रविवारी दुपारपर्यंत पोलिसांनी अंगदला उचललं. फौजदार ज्ञानेश्वरी माझी जुनी विद्यार्थिनी, शाळेच्या खो-खो संघातली. तिनं मला स्पष्टच सांगितलं. "बाई, डॉक्टर म्हणतात शनिवारी संध्याकाळी पाच ते सातमध्ये झालंय. साडेसहाला अंगदचा ऑटो गेटवर चहावाल्यानं बघितलाय. काका क्लबचा इतिहास लिहीत होते, आणि आपलं नाव आलं तर बघून घेईन असं अंगद ऑटो स्टँडवर बोललेला आहे. अजून काय पाहिजे?"

"आणि नळ?"

"हाताला फक्की लागली म्हणून उघडला असेल. पाणी नव्हतं, तसाच पळाला. पाणी आलं सकाळी सहाला." तिनं पेन बंद केलं. "बुधवारपर्यंत मी कागद कोर्टात पाठवणार आहे."

सोमवारी सकाळी माझ्या दारात अंगदची बायको रेणुका उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, नऊ वर्सामागं तुमीबी सही केल्ती," ती म्हणाली. "तवा त्यायला कुनी काय इचारलं न्हाई. आता तरी इचारा."

मी चपला घातल्या. पण आधी पोलीस स्टेशनला गेले नाही, क्लबच्या खोलीवर गेले.

३

अर्जुनराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. खातं सुटलं, कारकुनी सुटली नाही. क्लबमध्ये आलेल्या प्रत्येक कागदाला ते आवक नंबर द्यायचे, गेलेल्या प्रत्येक कागदाला जावक नंबर, आणि पुढे दोन ओळींत कागदाचा मजकूर लिहून ठेवायचे. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. ती आवक-जावकची जाड वही टेबलाच्या खणात जशीच्या तशी पडली होती. पोलिसांनी उघडलीसुद्धा नव्हती. असल्या वह्या कोण वाचतं?

मी वाचली. पुढची पंचवीस-तीस पानं भरलेली होती, नंतर कोरी. शेवटची नोंद दहा दिवसांपूर्वीची.

"आवक ४१. अध्यक्षांच्या कपाटातून आलेले जुने कागद. त्यात कर्णधाराचे निवेदन, शेवटच्या मॅचबाबत, बंद पाकिटात. मजकूर: गोलकीपरने 'डावीकडे सरका' असे ओरडून सांगितले, म्हणून वॉल सरकवली."

आणि समासात लाल पेन्सिलीनं एकच शब्द: "घसा?"

ते निवेदन मी सगळ्या खोलीत शोधलं. रजिस्टरासारखंच तेही गेलेलं होतं.

पोलीस स्टेशनात ज्ञानेश्वरीनं मला दहा मिनिटं दिली. अंगद बाकावर बसला होता. नऊ वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. रस्त्यात ऑटो दिसला तर मीच दुसरीकडे बघायची.

मी वही त्याच्यापुढे धरली. "हा शब्द काकांनी लिहिलाय. घसा. याचा अर्थ काय?"

त्यानं वही जवळ ओढून तो शब्द वाचला.

"त्या दिशी मला आवाजच न्हवता बाई," तो म्हणाला. "घसा पार बसल्ता. संघात कळलं असतं तर मला भाईर बसवलं असतं, म्हनून मी गप ऱ्हायलो. फकस्त काकाला ठावं होतं. त्यायनी सकाळपून मिठाचं पानी आनून दिल्तं गुळन्याला."

"मग वॉल सरकवायला तू ओरडलास ते?"

"मी?" त्याला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. "कुत्रं बी ऐकलं नसतं बाई. मी पोस्टवर दोनदा हात मारला. आमचा इशाराच होता तसा. दोनदा म्हंजी हाय तिथंच थांबा. मंग वॉल सरकली, आन् मला बॉल दिसायच्या आत आत गेल्ता."

"अरे, मग हे तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कुनी?" अंगद म्हणाला.

मी खाली बघितलं. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला त्या बाकावर पन्नासाव्या वर्षी कळलं.

"शनिवारी काकाचा फोन आल्ता," तोच पुढं म्हणाला. "म्हनले, साडेसहाला ये, तुझी माफी मागायचीय. मी गेलो तर दाराला भाईरून कडी. दोन डाव हॉर्न मारला, पंधरा मिनटं थांबलो, आन् आलो माघारी."

म्हणजे साडेसहाच्या आधीच कोणीतरी बाहेर येऊन कडी लावून गेलं होतं. आणि अंगद दाराबाहेर हॉर्न वाजवत होता, तेव्हा काका आत पडलेले होते.

४

ते पाकीट नऊ वर्षं ज्यांच्या कपाटात होतं ते आमचे अध्यक्ष, गुरुबसप्पा. मूळचे उदगीरचे, लातुरात त्यांची डाळ मिल आहे. मी गेले तेव्हा मिल बंद होती आणि तुरीची धूळ खाली बसत होती. ऑफिसच्या कोपऱ्यात बेसिन, नळ उघडा आणि खाली बादली.

"बोअर आटला," माझी नजर बघून ते म्हणाले. "आता सगळ्यांसारखंच आमचं बी. पाणी कवा येईल नेम न्हाई, बादलीत आवाज झाला की कळतं."

मी सरळ विचारलं, "कर्णधाराचं निवेदन तुम्ही कमिटीला का दाखवलं नाही?"

ते खुर्चीत मागे टेकले. "एन माडोदु, काय करनार, बाई? लोक खवळलेले होते. कुनावर तरी फैसला पायजे होता. कर्नधार म्हनतोय गोलकीपरची चूक, तर कागद कशाला फिरवायचा? मी तोंडी सांगितलं, तुमी सह्या केल्या."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"काकांशी तुमचं भांडण झालं होतं?"

"झालं. मी म्हनलं ते प्रकरन गाळा. पन्नास वर्षांचा इतिहास हाय, चांगलं लिहा. ते म्हनले, गाळलं तर तो इतिहास न्हाई, लग्नपत्रिका हाय." त्यांना क्षणभर हसू आलं, मग चेहरा पडला. "शनिवारी संध्याकाळी मी कुठं होतो इचारनार ना? उदगीरच्या रस्त्यावर. गाडीत एकटा. साक्षीदार न्हाई."

निघताना मी दारात पोचले, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"बाई, जपून. काकांनी बी असंच एकेकाला जाऊन इचारायला सुरुवात केल्ती. लिहिन्याआधी समोरच्याचं म्हननं घ्यायचं, हा त्यांचा नेम. त्या नेमानंच गेले ते."

त्यांनी हे काळजीनं सांगितलं की धमकी दिली, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

५

मंगळवारी मी नांदेडला गेले. एसटीत तीन तास मांडीवर ती आवक-जावकची वही होती.

शिवकुमारची फुटबॉल अकॅडमी शहराबाहेर आहे. मैदान इतकं हिरवं की लातूरच्या माणसाला तिथं चप्पल घालून चालायचा संकोच वाटावा. शिवकुमार संध्याकाळच्या सरावासाठी स्वतः फक्कीनं रेषा मारत होता. मला बघून धावत आला आणि वाकून नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात राष्ट्रीय लीगमधल्या एका नव्या संघाचा तो प्रशिक्षक होणार होता. गेटवर त्याच्या फोटोचा फलक लागला होता.

"काकांचं ऐकून मला जेवण गेलं नाही, बाई," तो म्हणाला. "अंगद असं करील असं वाटलं नव्हतं. राग होता त्याच्या मनात, पण माणूस मारायचा?"

"तू लातूरला कधी आला होतास शेवटचा?"

"दोन वर्षं झाली असतील. वेळच मिळत नाही."

"आणि काका तुला भेटले होते? फोन, निरोप?"

"नाही. का?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच.

"त्या फ्री किकबद्दल ते लिहीत होते. तू निवेदन दिलं होतंस म्हणे."

"दिलं होतं. जे झालं ते लिहिलं. अंगद ओरडला, मी वॉल सरकवली. गोलकीपरचं ऐकायचंच असतं." मग म्हणाला, "चहा घेऊ या का? हात धुतो."

गॅलरीशेजारी बेसिन होतं. त्यानं पांढऱ्या हातानं नळ सोडला. नळातून हवेचा एक सुस्कारा आला आणि बस, थेंब नाही. "लाइट गेली वाटतं. मोटर सुरू झाली की येईल," तो म्हणाला. बाकावरची बाटली उचलून त्यानं हातांवर पाणी ओतलं, रुमालाला हात पुसले आणि चहा सांगायला निघून गेला.

नळ तसाच उघडा होता. खाली काही नव्हतं.

माझा हात आपोआप पुढं गेला आणि मी नळ बंद केला. चावीवरची फक्की माझ्या अंगठ्याला लागली. मी त्या अंगठ्याकडे बघत तशीच उभी राहिले.

चहा येईपर्यंत मी हसून बोलले, चहा प्यायले, त्याला नव्या संघासाठी शुभेच्छा दिल्या. म्हणाले, "उद्या सकाळी क्लबवर काकांची शोकसभा आहे. तू यायलाच हवं, शेवटी तू कर्णधार होतास." तो येतो म्हणाला. त्यानं मला स्टँडपर्यंत गाडीतून सोडायची तयारी दाखवली. मी नको म्हणाले. दोनदा म्हणावं लागलं.

एसटी सुटली तेव्हा मी खिडकीशी बसून ती वही पुन्हा उघडली. काका कागद वाया घालवणारे नव्हते. पाठकोऱ्या कागदावर हिशेबानं लिहिणारा माणूस एवढी जाड वही अर्धी कोरी सोडील? आवक पुढून होती. मग जावक कुठं होती?

मी वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं उघडली.

६

शोकसभेला माणसं कमीच होती. खोलीत आम्ही सहा जण. मी, नरसिंगमामा, गुरुबसप्पा, शिवकुमार, ज्ञानेश्वरी, आणि तिनं माझ्या शब्दावर आणलेला अंगद. रोलर मामांनी कोपऱ्यात ढकलून ठेवला होता. सगळे त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

"भाषण नाही करणार," मी म्हणाले. "एका नळाबद्दल बोलते. शनिवारी संध्याकाळी या खोलीत कोणीतरी काकांना ढकललं. फक्कीची गोणी फुटली. त्या माणसाचे हात पांढरे झाले आणि त्यानं हात धुवायला तो नळ सोडला. मामा, तुमचे हात माखले तर काय कराल?"

"ड्रममधून मग घेईन की," मामा म्हणाले. "नळाला कुठलं पानी?"

"अंगद?"

अंगदनं नुसता ड्रमकडे हात केला.

"लातूरचा माणूस हात धुवायला नळाकडे जात नाही. पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नाही. आणि कधी नळ उघडा ठेवलाच, तर खाली बादली ठेवल्याशिवाय हलत नाही. अध्यक्षांच्या ऑफिसात जाऊन बघा. ही सवय इथं मेंदूत नाही, हातात असते. माणूस मारून पळणाराही ती विसरणार नाही. मामांनी तर काकांच्या आधी नळ बंद केला. शनिवारी इथं आलेला माणूस लातूरचा नव्हता. नळ सोडला की पाणी येतं, नाही आलं तर मोटर बंद असेल, अशा ठिकाणचा होता."

शिवकुमार शांतपणे म्हणाला, "नळ उघडा राहिला म्हणून माणूस खुनी ठरतो का, बाई?"

"नाही. त्यावरून मला फक्त कुठं बघायचं ते कळलं." मी वही टेबलावर ठेवली. "तुझ्या निवेदनात आहे की अंगद ओरडला. काकांनी ते पाकीट दहा दिवसांपूर्वी पहिल्यांदा उघडलं आणि त्यांना घाम फुटला असणार. कारण त्या दिवशी अंगदचा घसा बसला होता. त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि हे जगात फक्त दोघांना माहीत होतं."

शिवकुमारनं अंगदकडे बघितलं. नऊ वर्षांत त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"काकांच्या नेमाप्रमाणे त्यांनी आधी तुझं म्हणणं मागितलं." मी वही उलटी केली. "जावक सतरा. श्री. शिवकुमार, नांदेड, यांस. निवेदनाबाबत खुलासा करणे. शनिवारी सायंकाळी साडेपाच, क्लबच्या खोलीत समक्ष."

"मला असलं कुठलंही पत्र मिळालं नाही."

"पत्र पोचपावतीसह गेलं होतं. काल दुपारच्या टपालात पोच आली, मामांकडे. मेलेल्या माणसाच्या नावानं." ज्ञानेश्वरीनं ते कार्ड वर धरलं. खाली शिवकुमारची सही होती, तारीख आदल्या गुरुवारची.

बाहेर रस्त्यावर एक एसटी हॉर्न देत गेली.

"तुझ्या अकॅडमीत सकाळीच माणसं पाठवलीत," ज्ञानेश्वरी म्हणाली. "गोलच्या जाळ्यांच्या गठ्ठ्यात रजिस्टर सापडलं. निवेदन नाही, ते जाळलं असशील. मग रजिस्टर का ठेवलंस?"

शिवकुमार खाली बसला.

"काका प्रत्येक गोलचं चित्र काढायचे," तो म्हणाला. "कोण कुठं होता, बॉल कुठून गेला. माझे सोळा गोल आहेत त्यात. दुसरीकडे कुठंच नाहीत, व्हिडिओ नाही, फोटो नाही. त्या फ्री किकचं शेवटचं पान फाडायला घेतलं तर शिवणच सुटायला लागली. जाळवलं नाही मला."

"आन् ती वॉल?" अंगदनं विचारलं. हळूच, रागावल्यासारखं अजिबात नाही.

"पुढच्या मोसमात ते मला घेणार होते. समोरचे. एक पाऊल सरकायचं होतं फक्त." त्यानं वर बघितलं नाही. "काकांना म्हणालो, आठ दिवसांवर माझं नवं काम आलंय, एवढं गाळा. ते म्हणाले, तुझं म्हणणं शेजारीच छापतो, पण गाळणार नाही. मी रजिस्टर ओढलं, त्यांनी सोडलं नाही. ढकललं मी. मला मारायचं नव्हतं."

"श्वास होता का त्यांचा?" मी विचारलं.

त्यानं दाराकडे बघितलं. ते उत्तर पुरेसं होतं. त्यानं कडी लावली, आणि तासाभरानं अंगदनं तिथं हॉर्न वाजवला.

ज्ञानेश्वरी त्याला घेऊन गेली. गुरुबसप्पा उठले, अंगदसमोर जाऊन उभे राहिले आणि तसेच बाहेर पडले. माफी मागायचं काम काकांनी शनिवारी साडेसहाला ठेवलं होतं आणि ते आता माझ्यावर आलं होतं.

७

पुढची पाण्याची पाळी सोमवारी होती. सकाळी सहाला मी खोलीवर गेले, तर अंगद आणि रेणुका आधीच आलेले. मीच त्यांना बोलावलं होतं. नळाखाली बादली होती आणि नळ उघडा.

"अंगद," मी म्हणाले, "ते प्रकरण आता मी लिहिणार आहे. त्यात माझी सहीही छापणार आहे, चौथी. मी तुला विचारलं नाही. मला माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते."

तेवढ्यात नळ खाकरला आणि बादलीत पाण्याची धार पडायला लागली. आम्ही सगळे बादली भरेपर्यंत तिच्याकडे बघत राहिलो. त्या निमित्तानं एकमेकांकडे बघावं लागलं नाही.

पहिली बादली भरली तशी नरसिंगमामांनी उचलली, स्टुलावर चढले आणि पाणी सरळ भिंतीवर मारलं. लातुरात पाणी असं भिंतीवर कोणी ओतत नाही. रेणुकाच्या तोंडून "अवो मामा!" असं निघूनसुद्धा गेलं.

"म्याच फासल्ता चुना, म्याच काढनार," मामा म्हणाले आणि काथ्यानं घासू लागले. तेलरंगावर चुना कधी धड बसत नाही. दुसऱ्या बादलीला तो पापुद्र्यानं सुटला, आणि खालून निळी अक्षरं वर आली. १. अंगद. गोलकीपर.

रेणुका तेव्हा रडली. अंगद पुढं गेला आणि ओल्या भिंतीजवळ, आपल्या नावापाशी, काही वेळ उभा राहिला. मग त्यानं तळहातानं भिंतीवर दोनदा थाप मारली.